डाव्या दरवाज्यातली टुकटुक

४ फेब्रुवारी, बुधवार
दुकान वेळेवर उघडलं. सकाळी दोघांचे डोळे तपासले, एका चष्म्याची दांडी बसवून दिली. दुपारी गाडी घेऊन काचा आणायला गेलो. संध्याकाळी परत. जेवण.

लेकीने रोज काहीतरी लिहायला सांगितलं आहे. "बाबा, तुम्ही बोलत नाही, निदान लिहा तरी." काचांच्या कंपनीने दिलेली डायरी कोरी पडून होतीच.

ही जाऊन चार महिने होत आले. घरात आता मी आणि सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. इतकी वर्षं आम्हा दोघांचं बोलणं हिच्यामार्फत चालायचं. मी म्हणायचो, "आईंना विचार, चहा घेणार का." त्या म्हणायच्या, "ह्यांना सांग, नळ गळतोय." तिघंही एकाच टेबलाशी बसलेले असायचो. आता मधला माणूस नाही. चहाचं सरळ विचारावं लागतं.

आज मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, आठ मार्चला येतो आणि आईला घेऊन जातो. तुमच्यावर किती दिवस भार टाकायचा?" मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की "भार कसला?" असंही म्हणता आलं असतं.

सासूबाईंना दर सोमवारी पाठीच्या व्यायामासाठी न्यावं लागतं. सोमवारी माझं दुकान बंद असतं, पण त्या भाड्याच्या गाडीनेच जातात. आमच्या गाडीला त्या खटारा म्हणतात. "त्यात बसले तर मणका हातात घेऊन उतरावं लागेल." खोटं नाही. खड्डा आला की पुढून धाडकन आवाज येतो आणि मग गाडी बराच वेळ डुलत राहते.

रविवारी गाडी दाखवून आणतो. याचा मेहुण्याच्या फोनशी काही संबंध नाही. काम निघालेलंच होतं.

८ फेब्रुवारी, रविवार
गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रीला सगळे सर्जन म्हणतात, कारण त्याच्याकडे गेलेली गाडी उघडल्याशिवाय परत येत नाही. त्याने बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. गाडी खाली-वर, खाली-वर होत राहिली.

"साहेब, ही गाडी नाही, पाळणा आहे. मुलं झोपवायला ठेवा."

मग गाडी उचलून खालून दाखवली. शॉक ॲब्सॉर्बर तेल गळून पार कामातून गेलेले, सांध्यांमधले रबरी बुश फाटलेले, टायर एका बाजूने झिजलेले.

"चालवतं कोण? खड्डा चुकवायचा असतो हे माहीत नाही वाटतं."

"ही चालवायची," मी म्हणालो.

 तो फडक्याने हात पुसत म्हणाला, "दणकट चालवायच्या हं."

दणकटच चालवायची. वीस वर्षं गाडी हिनेच चालवली. मी शेजारी बसून दरवाज्यावरची कडी धरायचो. गतिरोधक दिसला की मी "अगं" म्हणायचो, आणि माझं "अगं" संपेपर्यंत तो मागे पडलेला असायचा.

सर्जनने ड्रायव्हरची सीट मागे सरकवली. मी त्याला सांगितलं होतं की तिचा लिव्हर अडकला आहे, म्हणून मी गुडघे दुमडून चालवतो. "कुठे अडकलाय? लोण्यासारखा चालतोय." मी पुन्हा पुढे घ्यायला सांगितली. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, पण घेतली.

नवीन स्प्रिंगा, नवीन शॉक ॲब्सॉर्बर, रुंद टायर घालू म्हणाला. "गाडी रस्त्याला चिकटून पळेल. वळणावर हलणार नाही." मला वळणावर पळायचं नाही, हे सांगायचं राहिलं. "बरं" म्हणालो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
गाडी मिळाली. आधी ओळखूच आली नाही. जमिनीला टेकल्यासारखी बसकी झाली आहे आणि रुंद टायरची भिंत एवढी पातळ की चाकाला काळी कड शिवल्यासारखी वाटते. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मीही केला. मग लाज वाटली.

लेकीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. हसूच आवरेना.

"बाबा, तुम्ही रेसिंगमध्ये उतरणार आहात का?"

"आजीच्या पाठीसाठी केलंय."

"आजी या गाडीत शिरणार कशी? खाली झोपून?"

१६ फेब्रुवारी, सोमवार
भाड्याची गाडी आलीच नाही. (मी काल गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं होतं. सासूबाईंना सांगितलं नाही.) मी विचारलं, "आई, आपल्या गाडीने सोडू का? सगळं नवीन बसवलंय." त्यांनी खिडकीतून गाडीकडे बराच वेळ पाहिलं. हिच्यानंतर त्या तिच्यात बसलेल्या नाहीत. मग पर्स उचलली.

बसताना मी त्यांना एका हाताने धरलं. दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

रस्ता वाईट नव्हता, पण प्रत्येक खडा कळत होता. अर्ध्या वाटेवर त्या म्हणाल्या, "जावईबापू, रस्त्यात नाणं पडलेलं असतं ना, तर छापा होता की काटा तेही मी सांगितलं असतं."

डोळे तपासताना मी काचा बदलत जे विचारतो, तेच तोंडातून निघालं. "आधी बरं होतं की आता?"

"तुम्ही चालवताना आधी मी बसले होते कुठे? आणि तो सूर बदला. मी तुमचं गिऱ्हाईक नाही."

व्यायामवाल्या बाईने त्यांना आज अर्धेच व्यायाम दिले. म्हणाली, पाठ आखडली आहे. माझ्यामुळे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सर्जनकडे तक्रार घेऊन गेलो. घरून निघताना चार वाक्यं ठरवून गेलो होतो. त्यातलं एक बोललो. "जरा कडक आहे."

"कडक म्हणजेच चांगली ना साहेब! वळणावर बघितलीत का?"

"मी आधीच बोलायला पाहिजे होतं. गाडीत पाठीचं दुखणं असलेलं माणूस बसतं."

त्याने कपाळावर हात मारला, आणि तेलाचा पंजा तिथेच उमटला. "अहो, पेशंट कोण ते आधी सांगायचं! मी तुमच्याकडे आलो आणि न सांगता बसलो, तर तुम्ही मला वाचायचा चष्मा द्याल की लांबचा?"

मुद्दा बरोबर होता. आता कंपनीच्या उंचीच्याच स्प्रिंगा, जरा मऊ शॉक ॲब्सॉर्बर आणि जाड भिंतीचे टायर. टायरची भिंत जाड असली की खड्ड्याचा अर्धा मार तीच खाते, म्हणाला. रुंद टायर जाताना त्याचा चेहरा पडला. "रूप गेलं साहेब गाडीचं."

हिच्या वेळच्या गंजलेल्या स्प्रिंगा कोपऱ्यात पडल्या होत्या. भंगारवाला यायचा होता. मी त्या पोत्यात घालून घरी आणल्या. कशाला, ते सांगता येत नाही. जड आहेत.

२३ फेब्रुवारी, सोमवार
आज बरंच लिहायचं आहे.

नवे टायर शनिवारी बसले. सकाळी सासूबाईंना घेऊन निघालो, तर गाडी उड्या मारायला लागली. "हे काय? चेंडूवर बसवलंय मला!" पंपावर हवा तपासली. टायर चाकावर नीट बसावा म्हणून दुकानदार आधी हवा गच्च भरतात आणि मग कमी करतात. आमच्या बाबतीत तो दुसरा भाग विसरला होता. हवा सोडली. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, तुम्ही दोन दिवस दगडावर फिरताय."

त्यानंतर मात्र गाडी अशी चालली की मीच कान देऊन बसलो. वाटेतला मोठा गतिरोधक नुसता वर-खाली झाल्यासारखा गेला. ना दणका, ना डुलणं. त्यावरून जाताना माझ्या तोंडून "अगं" निघालं. सासूबाईंनी मांडीवरची पर्स सरळ केली. 

व्यायाम झाल्यावर परत येताना त्या अचानक म्हणाल्या, "इथून उजवीकडे घ्या."

"घर डावीकडे आहे."

"मला माहीत आहे घर कुठे आहे. वळणावर गाडी कशी वागते ते बघायला नको?"

तो तलावाकडे जाणारा रस्ता. वळणंच वळणं. मी जपून चालवत होतो. एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

"एवढ्या हळू जायचं होतं तर नवे टायर कशाला? माझी लेक इथे तिसऱ्या गिअरमध्ये वळायची."

"इथे? कधी?"

"दर सोमवारी. माझा व्यायाम झाला की आम्ही इकडे येत होतो."

मला वाटायचं, दोघी भाजी आणायला जातात. भाजी यायचीही घरी. सोमवारची मात्र उरलीसुरली, शिळी असायची, आणि त्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

"आणि पाठ? खटाऱ्यात बसले तर मणका..."

"तेव्हा दुखत नव्हती," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

पुढचं वळण मी तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं.  गाडी झुकली नाही, घसरली नाही, जिथे वळवली तिथे वळली. सासूबाईंनी दरवाज्यावरची कडी धरली होती आणि त्या हसत होत्या. आवाज न करता हसतात. हीदेखील तशीच हसायची, हे आज कळलं.

घरी पोचल्यावर मी विचारलं, "मग? आता ठीक आहे ना?"

त्यांनी जरा विचार केला. "तसं ठीक आहे. पण डाव्या दरवाज्यातून काहीतरी टुकटुक वाजतंय."

"मला नाही ऐकू आलं."

"तुम्ही उजवीकडे बसता. पुढच्या सोमवारी परत बसून नीट सांगते."

२६ फेब्रुवारी, गुरुवार
संध्याकाळी आलो तर पोतं रिकामं. गच्चीच्या दाराशी एक स्प्रिंग उभी करून ठेवली आहे आणि तिच्यावर हिच्या मोगऱ्याची कुंडी चपखल बसली आहे. दुसरीवर कोरफड.

मी बघतोय म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "फेकून द्यायला आणल्या होत्या का?"

"नाही."

"मग झालं तर."

२ मार्च, सोमवार
सर्जनला आवाज ऐकवायला सोबत घेतलं. तो मागे बसला, कान डाव्या दरवाज्याला लावून. तलावाच्या रस्त्याने गेलो. आज मलाही ऐकू आलं. वळण आलं की टुक. खड्डा आला की टुकटुक.

"बुश नाही, स्प्रिंगही नाही," सर्जन पुटपुटला. "आवाज वरून येतोय." मग तो पुढे वाकला आणि सासूबाईंच्या बाजूला बघू लागला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सर्जन मागे टेकून बसला आणि परत येईपर्यंत खिडकीतून तलाव बघत राहिला.

गॅरेजपाशी उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, हा आवाज चिवट आहे. असले आवाज वर्षानुवर्षं जात नाहीत."

"मग काय करायचं?"

"दर आठवड्याला गाडी फिरवायची. त्याच रस्त्याने. दोघांनी."

"त्याने जाईल?"

"जाणार नाही. पण त्रासही होणार नाही."

हा काय इलाज झाला? दरवाजा उघडूनही बघितला नाही त्याने. सर्जन म्हणे. तरी "बरं" म्हणालो.

४ मार्च, बुधवार
गाडी पुसताना डाव्या दरवाज्याच्या कप्प्यात सासूबाईंची बामची पत्र्याची डबी सापडली. हलवली तर टुकटुक वाजली. मी तडक जाऊन त्यांना दिली. म्हटलं, सापडलं एकदाचं कारण!

"अगबाई, इथे होती होय ही!" त्यांनी डबी पर्समध्ये टाकली. त्यांना फारसा आनंद झालेला दिसला नाही.

काम पूर्ण झालं. आता गाडीत काहीही दोष नाही.

५ मार्च, गुरुवार
सासूबाई आज म्हणाल्या, त्यांना चाचणी हवी आहे, आवाज खरंच गेला का ते बघायला. दुकान लवकर बंद करून गेलो. आवाज आहे. टुकटुक, तसाच. म्हणजे डबीचा काही संबंध नव्हता. योगायोग.

"बघा," त्या म्हणाल्या. आज त्यांची पाठ पुष्कळ बरी दिसली.

७ मार्च, शनिवार
मेहुणा उद्या येणार. सासूबाईंनी दुपारीच बॅग भरली. मग सगळं बाहेर काढून परत भरली.

लेकीचा फोन.

"बाबा, तुम्ही आजीला राहा म्हणालात का?"

"तो त्यांच्या मुलाचा प्रश्न आहे. मुलाकडे जातायत. मी कोण अडवणार?"

"तिने स्वतःहून राहते म्हणायचं? जावयाच्या घरी? बोलावल्याशिवाय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही स्प्रिंगा दोनदा बदलल्या, बाबा. टायर दोनदा बदलले."

"पहिले कडक होते."

"हो," ती म्हणाली. "माहीत आहे मला." आणि फोन ठेवला. काय माहीत आहे, ते सांगितलं नाही.

जेवताना बोलावं असं मनात होतं. "आई" म्हणून सुरुवातही केली. त्यांनी वर पाहिलं. मी म्हणालो, "मीठ देता का?"

मीठ माझ्यासमोरच होतं. त्यांनी उचलून माझ्या हातात दिलं.

८ मार्च, रविवार
मेहुणा मोठी नवीन गाडी घेऊन आला. चहा झाला. माणूस वाईट नाही. आईची खोली रंगवून घेतली आहे म्हणाला. बॅग त्यानेच उचलली.

दाराशी सगळे उभे राहिलो. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "उद्या सोमवार आहे."

"बरं मग?" मेहुणा म्हणाला.

"उद्या चाचणी होती. टुकटुकीची."

"भावोजी, अहो, गॅरेजवाल्याला दाखवा की!"

"त्याला ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

मेहुणा आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. सासूबाई एक क्षण थांबल्या होत्या. मी अजून काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हणालो, "सावकाश जा."

मोठी गाडी वळणावरच्या गतिरोधकावरून जाताना मागून बसली आणि दोनदा डुलली. एवढ्या नव्या गाडीला हे शोभत नाही.

९ मार्च, सोमवार
तलावाच्या रस्त्याने एकटा जाऊन आलो. वळणं तिसऱ्या गिअरमध्ये. गतिरोधक, खड्डे, सगळं व्यवस्थित. कुठूनही काही वाजत नाही. गाडी उत्तम झाली आहे.

परत येऊन बराच वेळ गाडीतच बसून राहिलो.

१२ मार्च, गुरुवार
दुकानात फोन वाजला. सासूबाई. त्यांनी मला आजवर कधी फोन केलेला नाही. काही बरंवाईट झालं असं वाटून मी हातातली काच खाली ठेवली.

"तुमच्या मेहुण्याची गाडी मला मानवत नाही," त्या म्हणाल्या. "नावेत बसल्यासारखं होतं. मळमळतं."

"स्प्रिंगा फार मऊ असणार. शॉक ॲब्सॉर्बर तपासून घ्यायला सांगा."



"जावईबापू, तुम्ही लोकांचे नंबर काढता ना?"

"हो."

"एकदा स्वतःचाही काढा."

समोर एक गिऱ्हाईक तपासणीची फ्रेम डोळ्यांवर चढवून बसलं होतं. मी त्याला हाताने थांबायची खूण केली.

"मोगऱ्याला पाणी घालता का?"

"घालतो."

"स्प्रिंगेखाली बशी ठेवा. गंजाचे डाग पडतील." मग म्हणाल्या, "आणि त्या टुकटुकीचं काय झालं? गेली?"

सोमवारी मी त्या रस्त्याने गेलो होतो. काहीही वाजलं नव्हतं. वर तसं लिहिलंही आहे.

"नाही," मी म्हणालो. "आहे अजून. तुम्ही शेजारी बसल्याशिवाय ती नेमकी कुठून येते ते कळायचं नाही. मी रविवारी न्यायला येऊ का? व्यायामही बुडायला नको." एवढं एका दमात बोललो. मग आणखी एक वाक्य आलं. "घर फार शांत आहे, आई."

पलीकडे कोणाशी तरी बोलल्याचा आवाज आला. "अरे, राहू दे रे, ते स्वतः येतायत. मला विचारलंय त्यांनी." मग मला म्हणाल्या, "सकाळी लवकर येऊ नका. मला आवरायला वेळ लागतो."

"बरं," मी म्हणालो.

गिऱ्हाईक म्हणालं, "साहेब, आता स्पष्ट दिसतंय." मी अजून काच बदललीच नव्हती.

१५ मार्च, रविवार
उन्हाच्या आत उठलो. मोगऱ्याला पाणी घातलं, बशी ठेवली. चारही टायरची हवा तपासली. पुढच्या डाव्यात थोडी कमी होती, ती भरली. सासूबाईंची सीट त्यांना लागते तशी मागे टेकवून ठेवली. मग माझी सीट मागे सरकवली. लोण्यासारखी सरकली. गुडघ्यांना जागा झाली.

पाण्याची बाटली घ्यायला वर गेलो तर फ्रिजवर बामची डबी दिसली. अगदी पुढे, हाताशी, विसरायला कठीण अशा जागी. बॅग दोनदा भरूनही राहिली होती.

डबी घेऊन खाली आलो. डाव्या दरवाज्याच्या कप्प्यात ठेवली आणि गाडी फाटकापर्यंत पुढे-मागे करून पाहिली.

वाजते.